खेकड्यानं धरण फुटतं का?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण त्यामागची गोष्ट गमतीची नाही. २ जुलै २०१९ रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास चिपळूण तालुक्यातलं तिवरे इथलं मातीचं धरण फुटलं. खालची भेंदवाडी पाण्यानं धुऊन नेली आणि वीसच्या आसपास माणसं गेली. धरणाला गळती आहे अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, हे तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्यानंतर दोन-तीन दिवसांत तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की, खेकड्यांनी धरण पोखरलं. मग काय! विनोदांचा पाऊस पडला, खेकडे हातात घेऊन आंदोलनं झाली आणि महिन्याभरात सगळे विसरून गेले.

मला हा खेकडा पुन्हा भेटला तो सॉइल मेकॅनिक्सच्या पुस्तकात. नावानं नव्हे, पण 'प्राण्यांची बिळं' या शब्दांत. तेव्हा लक्षात आलं की प्रश्नाचं उत्तर 'हो' असंही आहे आणि 'नाही' असंही. ते नीट समजलं तर आपल्यापैकी निम्म्या पोरांच्या गावाच्या वरच्या अंगाला जो एखादा जुना तलाव आहे, त्याच्याकडे बघायची नजर बदलेल. म्हणून हा लेख. सिव्हिलवाल्यांना काही भाग ठाऊक असेल. मेकॅनिकल, कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नये, गणित बारावीचंच आहे.

मातीचं धरण गळतंच

पहिली गोष्ट ही, की मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच. अजिबात न पाझरणारं मातीचं धरण जगात कुठे नाही. म्हणून ते बांधताना पाणी पूर्ण अडवायचा हट्ट नसतो. ते हळू आणि ठरलेल्या वाटेनं बाहेर यावं, अशी सोय केलेली असते.

धरणाचा उभा छेद घेतला तर मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा दिसतो. त्यातून पाणी अतिशय सावकाश जातं. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचं कवच असतं. ते गाभ्याला आधार देतं आणि त्याला उन्हापासून वाचवतं. काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला माहीतच आहे, वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तशी भेग गाभ्यात पडून चालत नाही. गाभ्याखाली कठीण थरापर्यंत चर खणून तोही चिकण मातीनं भरलेला असतो, म्हणजे पाणी पायाखालून सटकत नाही. पाण्याच्या बाजूला लाटांचा मार झेलायला दगडी पिचिंग असतं. कोरड्या बाजूला पायथ्याशी वाळू, खडी आणि दगड अशा क्रमानं गाळणी रचलेली असते. पाझरून आलेलं पाणी या गाळणीतून बाहेर पडतं, मातीचा कण मात्र आतच अडतो.

गाळणीची वाळू कशी निवडायची याचा टर्झागीनं दिलेला नियम आपण परीक्षेपुरता पाठ करतो. त्याचा साधा अर्थ असा, की गाळणीतली भोकं पाणी जाण्याइतकी मोठी हवीत, पण आतल्या मातीचे कण जाणार नाहीत इतकी लहान. घरच्या चहाच्या गाळणीचं तत्त्वही हेच.

कण निघाला की धोका

आता थोडं गणित. समजा धरण नऊ मीटर उंच आहे आणि तलाव भरल्यावर पाणी साडेसहा मीटर उभं आहे. धरणाचा तळ रुंद असतो, त्यामुळे पाण्याला तळाजवळून पलीकडे यायला सुमारे चाळीस मीटरचा प्रवास करावा लागतो. साडेसहा भागिले चाळीस म्हणजे सुमारे ०.१६. याला आपण जलढाळ म्हणू. पाणी वर उफाळून मातीचे कण उचलू लागतं तो जलढाळ साधारण १ असतो. मातीच्या कणांची घनता पाण्याच्या २.६५ पट आणि पोकळी गुणोत्तर ०.६५ धरलं, तर १.६५ भागिले १.६५, उत्तर बरोबर १ येतं. म्हणजे ढोबळ हिशेबानं धरण सुरक्षित आहे.

पण त्याच चाळीस मीटरच्या वाटेत एका बाजूनं बीळ आणि दुसऱ्या बाजूनं कुजलेलं मूळ शिरलं, आणि मधली घट्ट माती फक्त आठ मीटर उरली, तर? साडेसहा भागिले आठ, म्हणजे ०.८१. पाणी तेवढंच, उंची तेवढीच, पण धोका पाचपट. पहिला कण सुटून बाहेर पडला की वाट आणखी थोडी आखूड होते, जलढाळ आणखी वाढतो, पुढचा कण आणखी सहज सुटतो. झीज बाहेरून आत, पाण्याच्या दिशेनं सरकत जाते आणि मातीत नळी तयार होते. यालाच पायपिंग म्हणतात. ही क्रिया महिनोन्महिने कुणाच्या नजरेत येत नाही, आणि नळी तलावापर्यंत पोचली की काही तासांत सगळं आटोपतं.

म्हणून खालच्या बाजूला पाणी दिसलं की 'किती' याच्या आधी 'कसं' हे बघायचं. स्वच्छ, नितळ पाणी वर्षानुवर्षं सारखंच येत असेल तर धरण आपलं काम करतंय. गढूळ पाणी आलं तर त्यातून धरणच थोडं थोडं बाहेर वाहून चाललंय.

बीळ कोण पाडतं?

आता आरोपींची यादी. खेकडा आहेच, कोकणात ओल्या मातीत त्याची बिळं सर्रास असतात. देशावर घुशी आणि उंदीर, डोंगराकडेला साळिंदर. वाळवीचं वारूळ वरून चार हात दिसतं, पण आतली पोकळी त्याहून कितीतरी पसरलेली असते.

सगळ्यात फसवं आरोपी झाड. पाळीवर बाभूळ वाढली की लोकांना बरं वाटतं, मुळं माती धरून ठेवतात म्हणतात. गवताच्या बाबतीत ते खरं आहे. गवताची मुळं उथळ आणि दाट असतात, ती पावसाच्या धारेपासून उतार वाचवतात. बाभळीचं मूळ मात्र ओलाव्याच्या शोधात खोल जातं. झाड जिवंत आहे तोवर ठीक, पण ते मेलं किंवा कुणी वरच्यावर तोडलं, की मूळ आत कुजतं आणि मनगटाएवढी तयार नळी मागे ठेवून जातं. वादळात झाड मुळासकट उपटलं तर पाळीचा लचकाच जातो. शिवाय झाडझुडपात बिळं दिसत नाहीत, ओल दिसत नाही.

आणखी एक नाजूक जागा म्हणजे शेताला पाणी सोडायचा नळ जिथे धरणाच्या पोटातून जातो ती. नळ दगडाचा किंवा काँक्रीटचा, भोवती माती. दोन्ही सारखे खचत नाहीत, त्यामुळे सांध्यात फट राहते. १२ जुलै १९६१ चं पानशेत पुणेकरांना सांगायला नको. तिथे काम अर्धवट असताना तलाव भरला, पाणी सोडायच्या नालीवरची माती खचत गेली, माथा खाली आला आणि पाणी त्यावरून वाहू लागलं.

वरून जाणारं पाणी

मातीचं धरण मरतं ते मुख्यतः दोन प्रकारे. जगभरच्या मोठ्या मातीच्या धरणांचा अभ्यास असं सांगतो, की फुटलेल्यांपैकी जवळपास निम्मी आतून झिजून गेली आणि जवळपास निम्मी माथ्यावरून पाणी गेल्यामुळे. उतार घसरून फुटलेली अगदी थोडी. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती बहुधा टिकते. मातीच्या भिंतीवरून गेलं तर माती पाण्याबरोबर निघते. ते टाळण्यासाठी एका बाजूला सांडवा असतो.

सांडव्याचं सूत्र सोपं आहे. विसर्ग म्हणजे १.७ गुणिले सांडव्याची लांबी गुणिले पाण्याच्या उंचीचा दीड घात. तीस मीटर लांबीच्या सांडव्यावरून दीड मीटर पाणी चाललं असेल तर सेकंदाला सुमारे ९४ घनमीटर पाणी निघून जातं. आता बऱ्याच गावांत काय करतात? चार दिवस पाणी जास्त टिकावं, मासे वाहून जाऊ नयेत, म्हणून सांडव्यावर मातीची पोती रचतात किंवा जाळी बांधतात आणि तिला काटक्या-पाला अडकून तिचा बांध होतो. समजा असा अर्धा मीटर अडसर उभा राहिला. तलाव पूर्वीच्याच पातळीला आला तर आता सांडव्यावर पाणी एक मीटरच, आणि विसर्ग फक्त ५१ घनमीटर. उरलेले ४३ घनमीटर दर सेकंदाला तलावातच साठणार आणि पातळी माथ्याकडे चढत जाणार. अर्धा मीटर पोत्यांनी सांडवा जवळजवळ निम्मा बंद केला!

आमचं तळं

आमच्या गावचं तळं १९७२ च्या दुष्काळानंतरच्या कामांतलं. त्या दुष्काळात राज्यभर लोकांच्या हाताला काम आणि पोटाला अन्न मिळावं म्हणून हजारो तलावांची, बंधाऱ्यांची कामं निघाली. आमच्या आजीनं या पाळीवर माती वाहिली आहे. माझं घर पाळीपासून पाऊण किलोमीटरवर, नाल्याच्या कडेला आहे, त्यामुळे हा विषय मला परीक्षेच्या मार्कांपुरता राहिला नाही.

मागच्या वर्षी दिवाळीत वही-पेन आणि मोजपट्टी घेऊन मी अख्खी पाळ चाललो. नऊ मीटर उंच, चारशे मीटर लांब. खालच्या उतारावर वेडी बाभूळ आणि बेशरम इतकी माजलेली, की शंभर मीटरचा तुकडा दिसतच नाही. पिचिंगचे दगड दोन ठिकाणी गायब. त्यातले काही गावातल्या जोत्यांत आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पायथ्याशी रस्त्याच्या भरावासाठी मुरूम उकरून नेलेला खड्डा. तुंबाचं दार गंजून अडकलेलं, म्हणजे उद्या घाईनं तळं रिकामं करायची वेळ आली तर ते करता येणार नाही. माथ्यावर एका जागी ट्रॅक्टरच्या चाकोरीनं वीतभर खोलगट भाग झालाय, म्हणजे पूर आला तर पाणी सर्वांत आधी तिथूनच जाणार.

यातली एकही गोष्ट धरण उद्या फोडणारी नाही. आणि यातल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. हीच तर खरी अडचण आहे! नवीन धरणाला नारळ फुटतो, फोटो येतो. झुडपं काढायला कोण येणार?

देखभाल म्हणजे नेमकं काय

आमच्या सरांशी चर्चा करून आणि पुस्तकं चाळून मी जी यादी केली ती अशी.

एक. दरवर्षी पावसाळ्यानंतर झुडपं लहान असतानाच काढायची. गवत ठेवायचं, पण कापलेलं. मोठं झाड मात्र कुऱ्हाड चालवून मोकळं व्हायचं नाही. पाणी खाली असताना, अभियंत्याच्या देखरेखीखाली मुळं काढून तो खड्डा ओलसर मातीच्या पातळ थरांनी ठोकून भरायचा.

दोन. बीळ दिसलं की तोंडावर घमेलंभर माती टाकून बुजवणं म्हणजे दुखऱ्या दाढेवर पावडर लावणं. ते शेवटापर्यंत खणून उघडं करायचं आणि मग थरांनी भरायचं.

तीन. कोरड्या बाजूनं पाणी येत असेल तर ती जागा चिकण मातीनं लिंपायची नाही. ही सगळ्यात नैसर्गिक आणि सगळ्यात चुकीची प्रतिक्रिया. तोंड बंद केलं की आत दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटतं. तिथे आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर दगड असा थर द्यायचा, म्हणजे पाणी येत राहील पण माती अडेल. पाणी उकळल्यासारखं जमिनीतून वर येत असेल तर भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं करायचं. कड्यात पाणी चढतं आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक कमी होतो. आणि लगेच तलावाची पातळी उतरवायला घ्यायची.

चार. म्हणूनच तुंबाचं दार वर्षातून दोनदा तरी उघडून-मिटून, वंगण घालून ठेवायचं.

पाच. माथा सपाट ठेवायचा, सांडवा आणि त्याच्या पुढचा चर मोकळा ठेवायचा.

सहा. पाझर मोजायचा. पायथ्याच्या चरात ९० अंशांची व्ही-नॉच पत्र्याची पाटी बसवली की झालं, वर्कशॉपमध्ये तासाभरात तयार होते. नॉचवर ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण लिटर. तेच ७ सेंटिमीटर झालं तर पावणेदोन लिटरच्या वर. दोन सेंटिमीटरचा फरक डोळ्याला जाणवत नाही, पण पाझर दुपटीहून जास्त झालेला असतो. तलावाची पातळी आणि हा आकडा शेजारी-शेजारी लिहीत गेलं, की पाणी तेवढंच असताना पाझर का वाढला हा प्रश्न वेळेत पडतो.

सात. गाळ काढताना पाळीच्या बुडापासून लांब राहायचं. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आल्यापासून गावोगावी जेसीबी लागले. शेताला गाळ मिळतो, ही चांगलीच गोष्ट. पण पाळीलगतचा गाळ वर्षानुवर्षं बसून तळाला अस्तराचं काम करत असतो. तोच खरवडून खाली खड्डा पाडला, तर पाण्याची वाट आखूड होते. वरचं गणित पुन्हा बघा.

हे कुणाचं काम?

राज्यात साधारणपणे १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. २०२१ मध्ये संसदेनं धरण सुरक्षा कायदा केला. त्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्यांपैकी लांबी, साठा वगैरे ठराविक अटींत बसणाऱ्यांना. आमचं नऊ मीटरचं तळं त्यात येत नाही. पाणी कायदा वाचून खाली येत नाही, हे वेगळं सांगायला नको. धरण लहान असलं तरी त्याच्या खाली वस्ती असेल तर त्या वस्तीला ते मोठंच आहे.

पूर्वी कोण बघायचं? भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव घ्या. कोहळी समाजानं बांधलेले हे मातीचे तलाव शेकडो वर्षं चालले, कारण भात त्यांच्यावर पिकायचा आणि पाळ राखणं हे गावाचं नेमून दिलेलं काम होतं. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे योग्यच झालं, पण पाळ राखायचं काम कुणाच्याच नावावर नीट चढलं नाही, आणि कितीतरी तलाव गाळानं, झुडपांनी भरून गेले.

वय हा काही आजार नाही. सोलापूरजवळचा एकरुख, म्हणजे हिप्परग्याचा तलाव १८७१ चा. मातीचा आहे आणि आजही पाणी धरतो. उलट राजस्थानात जोधपूर जिल्ह्यातलं १८८९ चं जसवंत सागर धरण ११८ वर्षं उभं राहून २००७ च्या पावसाळ्यात आतून झिजून फुटलं. इतकी वर्षं काही झालं नाही, म्हणजे पुढेही होणार नाही, असं मातीच्या धरणाबद्दल म्हणता येत नाही.

तर मग खेकडा?

खेकडा बीळ पाडतो हे खरं. बीळ पाण्याची वाट आखूड करतं हेही खरं. पण बीळ एका रात्रीत पडत नाही आणि पडल्या क्षणी धरण फुटत नाही. मधे ओल दिसते, पाझर वाढतो, पाणी गढूळ होतं, माथा खचतो. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पाळीवरून चालत गेलं आणि त्याचं ऐकलं गेलं, तर खेकड्याला धरण फोडता येत नाही. खेकडा त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतो. तपासणीची वही मात्र माणसानं भरायची असते.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा तलाव भरलेला असेल. पाझर बघायला याहून चांगली वेळ नाही. तासभर काढा. माथ्यावरून एकदा आणि कोरड्या बाजूच्या पायथ्यानं एकदा चाला. भेग, खोलगट जागा, वारूळ, बीळ, ओल, हिरवंगार गवत उगाच एकाच पट्ट्यात आलंय का, हे बघा. फोटो काढा, तारीख आणि पाण्याची पातळी लिहा. मग साधा अर्ज ग्रामपंचायतीला आणि संबंधित उपविभागाच्या उपअभियंत्यांना द्या आणि पोच घ्या. पाणी गढूळ येत असेल तर अर्जाची वाट बघू नका. तलाठी, तहसीलदार, पोलीस पाटील, ज्याचा फोन आधी लागेल त्याला सांगा आणि नाल्याकाठच्या घरांना उठवा.

मी आमच्या तळ्याचा अर्ज दिला आहे. तुंबाचं दार अजून अडकलेलंच आहे, पण पोत्यांचा अडसर गावानं स्वतःच काढला आणि शंभर मीटरचा तो झुडपांचा तुकडा मार्चमध्ये श्रमदानानं साफ झाला. लहान झुडपं काढली, मोठ्या बाभळींना हात लावला नाही. झुडपांखाली घुशीची तीन बिळं सापडली. पैकी दोन पूर्ण खणून भरली. तिसरं अडीच मीटर आत जाऊनही संपेना, तेव्हा ते तसंच ठेवून खूण केली आणि उपअभियंत्यांना दाखवलं. त्यांनी तिथे उभं राहून मोजमाप घेतलं आणि ते बीळ तपासणीच्या वहीत नोंदवलं.